एका घरात चार वयं

या खेपेच्या पत्रांत जवळजवळ प्रत्येकानं वयाचा हिशेब मांडलाय. अमुक वयात अमुक व्हायला पाहिजे होतं, झालं नाही, आता काय? काहींनी एरिक एरिक्सन यांच्या आठ टप्प्यांचा थेट उल्लेख केलाय, कारण ते कोष्टक हल्ली मोबाइलवर बरंच फिरतंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एरिक्सन (१९०२–१९९४) हे जर्मनीत जन्मलेले आणि १९३३ मध्ये अमेरिकेत गेलेले मनोविश्लेषक. माणसाचं मन लहानपणीच घडून संपत नाही, ते शेवटपर्यंत घडत राहतं, आणि प्रत्येक वयात भोवतालची माणसं त्याच्यापुढं एक नवा पेच टाकतात, असं त्यांनी १९५० मध्ये मांडलं. तान्ह्या बाळाचा पेच जगावर विश्वास ठेवायचा की नाही हा, आणि म्हाताऱ्या माणसाचा पेच जगलेलं आयुष्य आपलं म्हणता येतं की नाही हा. मधले पत्रांच्या ओघात येतील.

प्रश्न : ताई, आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. मिस्टरांचा शिवाजी उद्यमनगरात छोटा कारखाना आहे. तीन लेथ, एक मिलिंग. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, आणून मशिनिंग करून देतात. सासऱ्यांनी सुरू केलेला. मुलगा एकवीस वर्षांचा, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, दोन विषय राहिलेत. परवा म्हणाला, मला हे करायचंच नाही. मग काय करायचंय, तर 'माहीत नाही'. सकाळी साडेपाचला उठून गांधी मैदानावर जातो, तालमीच्या लहान पोरांना फुटबॉल शिकवतो आणि आल्यावर जो झोपतो तो अकरापर्यंत. मिस्टर ५२ वर्षांचे, त्यांनी अठराव्या वर्षी लेथ धरला. ते म्हणतात, 'मग मी केलं कुणासाठी हे सगळं?' बापलेक बोलत नाहीत, निरोप माझ्यामार्फत. सासरे ७९ वर्षांचे. रोज दुपारी रिक्षानं कारखान्यात जातात, आलेल्या कास्टिंगला हातोडीनं टोला मारतात, कान देऊन ऐकतात आणि 'ह्यात चीर हाय' म्हणतात. कामगार हसतात, मिस्टर चिडतात. मी वाचलं की अठरापर्यंत मुलाची स्वतःची ओळख पक्की झाली पाहिजे, नाही तर माणूस कायम गोंधळलेला राहतो. माझ्या मुलाची वेळ निघून गेली का? पत्र पाठवायला उशीर झाला. कारखान्याचं जीएसटीचं काम माझ्याकडंच असतं, वीस तारखेपर्यंत मान वर करता येत नाही.

उत्तर : ताई, वेळ निघून गेलेली नाही. 'अठरापर्यंत' हा आकडा पाठ्यपुस्तकांनी सोयीसाठी ठोकून दिलाय. खुद्द एरिक्सन यांचंच बघा. जन्मदाते वडील कोण हे त्यांना कधी कळलं नाही. सावत्र वडील लहान मुलांचे डॉक्टर, आणि पोरानंही डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. पोरगा चित्रं काढत युरोपात हिंडत राहिला. पंचविशीत व्हिएन्नाच्या एका छोट्या शाळेत शिकवायला गेला, तिथं सिग्मंड फ्रॉइड यांच्या कन्या, मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड भेटल्या आणि लहान मुलांच्या मनाचं काम हाती लागलं. कॉलेजची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही, तरी पुढं हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. तुमच्या मुलानं शिक्षण सोडावं म्हणून हे सांगत नाही. तरुण माणसाला शोधासाठी समाजानं काही मुदत दिली पाहिजे, असं एरिक्सन यांनी लिहिलं. स्वतःच्या विशीत ते ही मुदत जगले होते.

पुढं १९६६ मध्ये जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञांनी याच, म्हणजे ओळखीच्या पाचव्या टप्प्यावर काम केलं. त्यांनी दोन गोष्टी तपासल्या : या तरुणानं शोध घेतलाय का, आणि त्यानं कशाला स्वतःला बांधून घेतलंय का? तुमच्या मिस्टरांनी शोध न घेता बांधून घेतलं. वडिलांनी लेथ दाखवला, त्यांनी धरला. यात कमीपणा काही नाही. अशा माणसांच्याच जिवावर उद्यमनगर उभं आहे, आणि त्यातले कितीतरी जण मनापासून सुखी आहेत. पण ज्याला स्वतःला शोधायची वेळच मिळाली नाही, त्याला दुसऱ्याचा शोध रिकामटेकडेपणा वाटतो. मुलगा शोधतोय, अजून बांधून घेतलेलं नाही. या दोन अवस्था एका छपराखाली आल्या की असंच होतं.

काळजी करावी अशी अवस्था तिसरीच : शोधही नाही, बांधिलकीही नाही आणि त्याचं काही वाटतही नाही. तुमचा मुलगा त्यात नाही, आणि याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. अकरापर्यंत झोपणारा पोरगा साडेपाचला मैदानावर असतो. दुसऱ्यांच्या पोरांसाठी. लाथाडलेला चेंडू दहा वेळा आणून द्यायचा, रडणाऱ्याला समजवायचं, रोज वेळेवर जायचं, हे गोंधळलेल्या माणसाचं लक्षण नव्हे. त्याला 'माहीत नाही' म्हणायची सोय आहे, कारण घरात 'माहीत आहे' म्हटलं की त्याचा निकाल लगेच लागतो. मी त्याला विचारीन की मैदानावर नेमकं काय आवडतं : खेळ, शिकवणं, की पोरं? तिन्हीच्या वाटा वेगळ्या आहेत. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे प्रशिक्षकांसाठी अभ्यासक्रम आहेत, शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड. ही पदवी आहे, भारतीय फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षक परवाने आहेत. त्यानं ही माहिती स्वतः काढावी, तुम्ही काढून देऊ नका. आणि राहिलेले दोन विषय त्यानं सोडवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन वर्षं घातलेली आहेत. पदवी हातात असताना घेतलेला निर्णय आणि नापासाच्या भीतीनं घेतलेला निर्णय बाहेरून सारखे दिसले तरी आतून सारखे नसतात.

एक लक्षात घ्या, एका पिढीत वय सरकलंय. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० मध्ये अठरा ते पंचवीस या काळाला वेगळा टप्पाच मानावा असं सुचवलं, कारण शिक्षण लांबलं, लग्नं लांबली. त्यांनी तिकडचा समाज बघून लिहिलं, पण आपल्या पेठांतही तेच चाललंय. वडील अठराव्या वर्षी कमावते होते, मुलगा एकविसाव्या वर्षी वर्गात आहे. दोघांना एकाच फूटपट्टीनं मोजता येणार नाही.

आता मिस्टरांकडं येते. 'मी केलं कुणासाठी?' हा रागाचा शब्द नाही, ताई. एरिक्सन यांच्या सातव्या टप्प्याचा हा अगदी गाभ्याचा प्रश्न आहे. चाळिशी-पन्नाशीत माणसाला आपल्या मागं काहीतरी राहावं, पुढच्यांना आपलं काही उपयोगी पडावं असं आतून वाटायला लागतं. ते झालं नाही तर माणूस साचतो, कडवट होतो. एरिक्सन यांनी यात फक्त पोटची पोरं धरली नव्हती. शिकवणं, एखादी गोष्ट उभी करणं, दुसऱ्याच्या पोराला मार्गी लावणं, सगळं त्यात येतं. मिस्टरांच्या हाताखाली आयटीआयची पोरं येऊन गेली असतील. त्यातल्या कुणी स्वतःचा लेथ टाकलाय का, कुणी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत चांगल्या जागी आहे का, हे त्यांना विचारा. ते मोजायला लागतील तेव्हा 'कुणासाठी' याचं उत्तर फक्त एका पोराच्या खांद्यावर राहणार नाही.

आणि सासरे. त्यांच्यावर हसू नका म्हणून कामगारांना सांगायला पाहिजे, आणि ते मिस्टरांनी सांगायला पाहिजे. चांगलं कास्टिंग टोल्याला घंटेसारखं वाजतं, आत चीर असेल तर आवाज बद्द येतो, हे फौंड्रीतल्या प्रत्येक जुन्या माणसाला ठाऊक आहे. चीर लेथवर लावायच्या आधी सापडली तर त्या जॉबवरची सगळी मजुरी वाचते. म्हणजे आजोबा खरं काम करतायत. मग त्याला कामाचा दर्जा द्या. दुपारी आलेला माल आजोबा तपासतील, नापास नग बाजूला, वहीत नोंद. उतारवयात मान राहतो तो माणूस कशात तरी खरोखर गुंतलेला असला की. नुसती मऊ खुर्ची देऊन राहत नाही. जमलं तर एखाद्या दुपारी नातवाला ती वही लिहायला बसवा. कारखान्यात घालायला म्हणून नव्हे. आजोबांना ऐकणारा कान हवाय, आणि त्या पोराला वडील सोडून घरातला दुसरा कुणी पुरुष बोलायला हवाय.

एरिक्सन यांचं एक म्हणणं मोबाइलवरच्या कोष्टकात कधीच येत नाही. घरातल्या प्रत्येकाचा टप्पा दुसऱ्याच्या टप्प्यात गिअरच्या दात्यांसारखा अडकलेला असतो, एक फिरला की दुसरा फिरतो. मिस्टरांना ही गोष्ट मी सांगायची गरज नाही, पण त्यांना एवढं आठवून द्या की दोन दात्यांत थोडी मोकळीक ठेवावी लागते. घट्ट बसवलेला गिअर तापतो, आवाज करतो आणि शेवटी जाम होतो. तुमच्या घरात मोकळीक म्हणजे परीक्षेचा निकाल लागेपर्यंत कारखान्याचा विषय कुणी काढायचा नाही. निकालानंतरची एक तारीख ठरवायची आणि त्या दिवशी बापलेकांनी समोरासमोर बसायचं. निरोप पोचवणं मात्र आजपासून बंद करा. तुम्ही निरोप नेता म्हणून त्यांना बोलावं लागत नाही.

शेवटचं तुमच्याबद्दल. एवढ्या मोठ्या पत्रात घरातल्या तिघांची वयं आहेत, तुमचं नाही. तुमचं फक्त जीएसटीचं एक वाक्य आहे, तेही उशिराबद्दल माफी मागायला. ताई, कारखान्याचा हिशेब तुम्ही सांभाळता, म्हणजे तो कारखाना तुमचाही आहे. पुढं तो कुणी चालवावा, विकावा की वाढवावा, यात तुमचं मत काय? त्या बैठकीच्या दिवशी तेही मांडा. सातवा टप्पा तुम्हालाही लागू आहे. पुढच्या पत्रात मुलाबद्दल एक ओळ आणि बाकी तुमच्याबद्दल लिहा.

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची. सगळ्याला 'मीच'. चपला उलट्या घालते आणि सरळ करू देत नाही. अंबाबाईला जायचं तर जिन्यातच अर्धा तास जातो. परवा पाहुण्यांसमोर चड्डीत शू केली, मी सगळ्यांसमोर रागावले, तेव्हापासून बाथरूमलाच जायला नको म्हणते. सासूबाई म्हणतात, हट्ट आत्ताच मोडून काढ.

उत्तर : मोडू नका. दीड ते तीन या वयात हातपाय, पकड, शू-शी सगळं मुलांच्या ताब्यात यायला लागतं. धरणं आणि सोडणं आपल्या हातात आहे हा शोध त्यांच्यासाठी फार मोठा असतो. एरिक्सन यांचा दुसरा टप्पा तो हाच : आपलं आपण करता येतं ही भावना एका बाजूला, लाज आणि स्वतःबद्दलची शंका दुसऱ्या बाजूला. चपला उलट्या असल्या तरी चालता येतं. जिन्यात वेळ जातो तर वीस मिनिटं आधी निघा. दोन फ्रॉक समोर धरा आणि यातला कुठला, असं विचारा. 'फ्रॉक घालायचा का?' असं विचारू नका, उत्तर 'नाही' येणार. गॅस, रस्ता, जिन्याचा कठडा या तीन ठिकाणी मात्र तुमचा शब्द शेवटचा. तिथं वाटाघाट नाही, आणि ओरडणंही नाही. उचलायचं आणि बाजूला न्यायचं.

शूचं जे झालं ते दुरुस्त होतं. महिनाभर त्याबद्दल चारचौघांत एक शब्दही नको, कौतुकाचाही नको. झाली तर गुपचूप चड्डी बदला. सासूबाईंना मोडून काढण्याऐवजी एक काम द्या : संध्याकाळी तिनं स्वतः वरणभात खायचा आणि आजीनं नुसतं शेजारी बसायचं, सांडलं तरी हात लावायचा नाही. आज्यांना हे फार कठीण जातं, पण एकदा नातीनं वाटी रिकामी करून दाखवली की त्याच शेजारणींना सांगत सुटतात. वर्षभरात ती 'मीच' सोडून 'का?' वर येईल. तो पुढचा टप्पा, पुढाकाराचा, आणि तेव्हा तुम्हाला आजचा जिना बरा वाटेल.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, इचलकरंजीला बँकेत, रोज येऊन-जाऊन करते. लग्न केलेलं नाही. एका व्याख्यानात ऐकलं की सहावा टप्पा 'जवळीक की एकाकीपणा' हा आहे. तो माझा चुकला असं समजायचं का?

उत्तर : नाही. स्वतःला न हरवता दुसऱ्याजवळ जाता येणं, एवढाच जवळिकीचा अर्थ. लग्नाचं प्रमाणपत्र तिला लागत नाही, आणि लग्नाची कितीतरी वर्षं झालेली पण ती नसलेली घरं मी रोज बघते. तुम्ही स्वतःला एवढंच विचारा की चेहरा सावरून न बसता ज्याच्यासमोर बोलता येतं असं माणूस आहे का? मैत्रीण, बहीण, कुणीही. असेल तर ते नातं जपा, रविवार राखून ठेवा. नसेल तर मात्र त्याकडं बघायला पाहिजे, आणि ते वधूवर मेळाव्यात सापडेलच असं नाही. लग्न करायचं असेल तर जरूर करा. टप्पा भरून काढायला करू नका.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेचा निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ७३. राधानगरी, भुदरगड या भागांत नोकरी झाली. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली. आता फुलेवाडीला मुलाकडं राहतो. मुलगा-सून चांगले आहेत. पण रात्री तीनला जाग येते आणि सगळं जुनं आठवतं. मुख्याध्यापकाची जागा मिळत होती, गाव सोडवेना म्हणून नाकारली. जमिनीवरून धाकट्या भावाशी वीस वर्षं बोललो नाही. तो गारगोटीला असतो. वाटतं, सगळं उगीच गेलं. मुलगा म्हणतो, जुनं उगाळत बसू नका, देवाचं नाव घ्या. हे उगाळणं थांबवायचं कसं?

उत्तर : गुरुजी, आधी एक विचारते. भूक लागते का? सकाळी उठावंसं वाटतं का? जगून काय करायचं, असा विचार येतो का? दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन खाली असेल, जेवण तुटलं असेल, रोज पहाटे जाग येत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. ते आजारासारखं तपासून घ्यायचं, वयाच्या खात्यावर टाकायचं नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा, मुलाला बरोबर न्या. रात्री फार जड वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पत्नीला जाऊन दोनच वर्षं झालीत, त्या दुःखाचाही यात वाटा असणार.

डॉक्टरांनी नैराश्य नाही म्हटलं, किंवा औषध सुरू होऊन मन थोडं वर आलं, की मग पुढचं. आणि इथं मुलाच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. उतारवयात जुनं आठवणं हे बिघाडाचं लक्षण नाही. अमेरिकेतले रॉबर्ट बटलर नावाचे डॉक्टर वृद्धांसोबत काम करत. त्यांनी १९६३ मध्ये लिहिलं की म्हातारपणी माणूस आपल्या आयुष्याची उजळणी करतो, ती स्वाभाविक आहे आणि लागणारीही आहे. तोपर्यंत डॉक्टरमंडळीही त्याला भ्रम किंवा रिकामा चाळा समजत. एरिक्सन यांच्या आठव्या टप्प्याचं कामही तेच : हे आयुष्य एकदाच होतं, असंच झालं आणि ते माझं आहे, असं म्हणता येणं. ते म्हणता आलं नाही तर दुसऱ्यांदा सुरू करायला वेळ नाही ही टोचणी उरते. टोचणी अजिबात नको असंही एरिक्सन म्हणत नाहीत. दोन्ही बाजू तोलूनच शहाणपण येतं, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून उजळणी थांबवू नका, तिची वेळ बदला. रात्री तीनला एकट्यानं केलेली उजळणी नेहमी फिर्यादीच्या बाजूनं चालते. ती दिवसा, लिहून आणि कुणाला तरी ऐकवत करा. तुम्ही शिक्षक आहात, म्हणून शाळेच्या क्रमानंच जा. एक वही घ्या, एकेका गावाला चार पानं. तिथली शाळा कशी होती, कौलं गळत होती का, पावसाळ्यात ओढा ओलांडून कसं जायचं, पहिलीला किती पोरं होती, त्यातली कोण आठवतात. चुकलेल्या गोष्टीही लिहा, नाकारलेली बढतीही लिहा. पण ती नाकारली त्या वर्षी गावातल्या वर्गात कोण पोरं बसलेली होती, तेही त्याच पानावर लिहा. सहा ते बारा या वयात 'मला हे येतं' ही भावना रुजते किंवा 'मला काहीच येत नाही' हा न्यूनगंड बसतो, असा एरिक्सन यांचा चौथा टप्पा आहे. वाडीवस्तीवरच्या पोरांचा तो टप्पा तुमच्या फळ्यासमोर पार पडलाय. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून हे काम निम्मंच हातात राहिलं असतं. नातवंडांना आठवड्यातून एक गाव वाचून दाखवा. मुलालाही बसवा. वडिलांचं हे आयुष्य त्यानं ऐकलेलं नसतं, बहुतेक घरांत ऐकलेलं नसतं.

भावाबद्दल तुम्ही प्रश्न विचारलेला नाही, तरी तो गारगोटीला असतो हे लिहिलंय, म्हणून सांगते. जा. फोन करून वेळ ठरवत बसू नका, एसटीनं जा, बरोबर मुलगा असला तर चांगलं. जमिनीचं काहीही बोलायचं नाही, कागद न्यायचे नाहीत, कोण चुकलं हे ठरवायचं नाही. लहानपणीचं ज्याला आठवतं असं माणूस तुमच्यासाठी जगात आता फार उरलेलं नसेल. त्यानं दार लावलं तर ते त्याचं. तुम्ही जाऊन आलात हे तुमच्या वहीत राहील.

प्रश्न : मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला, मानसशास्त्र विषय. आमच्या सरांनी विचारलंय की एरिक्सनचा सिद्धांत भारतीय समाजाला लागू होतो का. गाइडमध्ये दोनच ओळी आहेत. काय लिहू?

उत्तर : अगं, चांगला प्रश्न विचारलाय सरांनी. सुरुवात अहमदाबादपासून कर. १९६२ मध्ये एरिक्सन तिथं मानवी जीवनचक्रावरच्या चर्चासत्रासाठी आले होते. आपल्या टप्प्यांशेजारी इथल्या आश्रमव्यवस्थेची कल्पना ठेवून बघायची संधी त्यांना तिथं मिळाली. त्याच शहरात १९१८ मध्ये झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानं आणि गांधीजींच्या उपवासानं त्यांना इतकं धरून ठेवलं, की त्यावर त्यांनी १९६९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्याला पुढच्या वर्षी अमेरिकेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

दुसरं नाव सुधीर कक्कर. त्यांनी आधी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, मग अर्थशास्त्र. साठच्या दशकात अहमदाबादला एरिक्सन भेटले आणि वाटच बदलली, मनोविश्लेषक झाले. (वर मुलाबद्दल लिहिणाऱ्या ताईंनी हे जरूर वाचावं.) भारतीय मूल आईच्या कुशीत जास्त काळ राहतं, एकत्र कुटुंबात वाढतं, आणि त्याचा 'मी' नात्यांच्या आतच घडतो, हे कक्कर यांनी दाखवलं. एरिक्सन यांच्या मांडणीत स्वतंत्र होण्याला जे वजन आहे, ते आपल्याकडं तसंच्या तसं चालत नाही.

आश्रमांची तुलना लिहिशील तेव्हा एक गोष्ट सोडू नकोस. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास ही चौकट वरच्या तीन वर्णांतल्या पुरुषांसाठी आखलेली होती. बाई आणि शूद्र यांचं आयुष्य तिच्यात मोजलेलंच नाही. एरिक्सन यांच्यावरही असाच आक्षेप अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये घेतला, की यात पुरुषाचा विकास हाच माणसाचा विकास धरलाय. आधी ओळख, मग जवळीक, हा क्रम कितीतरी बायकांच्या बाबतीत असा सरळ लागत नाही, दोन्ही बरोबरच चालतात. आणि एरिक्सन यांच्या पत्नी जोन यांनी, ज्यांचा या सगळ्या मांडणीत मोठा हात होता, पतीच्या पश्चात १९९७ मध्ये नववा टप्पा जोडला. ऐंशी-नव्वदीतल्या माणसाचा. तेव्हा शरीर दगा देतं आणि आधीचे सगळे पेच उलट्या बाजूनं पुन्हा समोर येतात. पहिला पुन्हा विश्वासाचाच : स्वतःच्या गुडघ्यावर भरवसा ठेवायचा की नाही?

पुराव्याबद्दलही एक परिच्छेद लिही. हे टप्पे प्रयोगशाळेत तपासता येत नाहीत, आयुष्यभर माणसांच्या मागं राहावं लागतं. हार्वर्डमध्ये १९३८ पासून असा अभ्यास चालू आहे. तो बराच काळ सांभाळणाऱ्या जॉर्ज व्हेलंट यांनी एरिक्सन यांचा क्रम मोठ्या प्रमाणात मान्य केला आणि मध्ये आणखी दोन टप्पे घातले. पण सुरुवातीला त्या अभ्यासात हार्वर्डचे विद्यार्थी घेतले होते, तेही फक्त मुलगे. ही मर्यादा लिही.

आणि कोल्हापूरचं उदाहरण घाल, गाइडमध्ये ते नक्की नसेल. चौथ्या टप्प्याला शाळा लागते. ज्या पोराला शाळेच्या दारातच अडवलं, त्याच्या न्यूनगंडाचं खापर त्याच्या आईवर किंवा त्याच्या स्वभावावर फोडता येत नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं काढली, १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. एरिक्सन यांच्या पुस्तकाच्या तेहतीस वर्षं आधीची ही गोष्ट. एरिक्सन यांच्या सिद्धांताला 'मनोसामाजिक' म्हणतात, त्या शब्दातला सामाजिक भाग म्हणजे काय, हे सरांना यातून नीट कळेल. वयोगटांचं कोष्टकही दे, गुण त्याला असतात, पण ते शेवटी दे आणि वयाच्या आकड्यांआधी 'साधारण' लिही.